विद्यार्थ्याचे बिऱ्हाड : ठाणे-नवी मुंबईत खोली, खर्च, जेवण आणि प्रकृती कशी सांभाळावी

निकाल लागल्यानंतर सातारा, जळगाव, परभणी किंवा सिंधुदुर्गातून ठाणे-नवी मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या घरी शाखा, शुल्क आणि प्रवेशफेऱ्यांविषयी जितका विचार होतो, त्याच्या एक दशांशही विचार राहण्याच्या जागेविषयी होत नाही. प्रवेश निश्चित होतो, महाविद्यालय सुरू व्हायला आठवडा उरलेला असतो आणि मिळेल ती खोली घेतली जाते. पैसे पुरत नाहीत, जेवण नीट होत नाही, झोप अपुरी राहते, सोबत्यांशी पटत नाही या पुढच्या तक्रारींचे मूळ मला बहुतेक वेळा त्या घाईच्या आठवड्यातच सापडते. म्हणून या लेखात जागेविषयी सर्वांत अधिक लिहिले आहे आणि बाकीच्या गोष्टी तिच्या अनुषंगाने आल्या आहेत.

गाव सोडण्यापूर्वी

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे आपल्याच तालुक्यातून किंवा जिल्ह्यातून मिळतात. ऐन नोव्हेंबरात एखाद्या दाखल्यासाठी दोन दिवसांची गैरहजेरी आणि येण्याजाण्याचा खर्च सोसण्यापेक्षा जून-जुलैतच ती सर्व हाताशी असावीत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा होतो, त्यामुळे तो देण्यापूर्वी त्याच्या चार-पाच छायाप्रती काढून ठेवाव्यात.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरले जातात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. नवे खाते उघडताना ते आधारशी जोडले गेले, तर रक्कम जुन्या खात्याऐवजी तिकडे जाते. पैसे आलेच नाहीत अशी समजूत होऊन महिनोन्महिने कार्यालयांत खेटे घालणारे विद्यार्थी असतात आणि रक्कम दुसऱ्याच खात्यात पडून असते. आपले कोणते खाते जोडलेले आहे, हे बँकेत एकदा विचारून घ्यावे.

वसतिगृहाचा विचार खोलीच्या आधी करावा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहांसाठी वेळेत अर्ज करावा. तेथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, तर इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या मूळ शासन निर्णयात वाचाव्यात. भाड्याने राहत असल्याचा लेखी पुरावा नसल्यामुळे अशा योजनांतला लाभ हातचा जाऊ शकतो. पुढे भाडेकरारावर मी इतका भर दिला आहे, त्याचे हेही एक कारण आहे.

कोणत्या भागात राहावे

भाडे किती, हा पहिला प्रश्न ठेवू नये. खोलीच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत, प्रत्यक्ष तासिकेच्या वेळी, किती मिनिटे लागतात हे आधी विचारावे. ठाण्यात नौपाडा, चरई, कोपरी हे भाग स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहेत आणि म्हणूनच तेथील भाडी चढी असतात. घोडबंदर मार्गावर कासारवडवलीकडे इमारत नवी, खोली ऐसपैस आणि भाडे आवाक्यातले असे दिसले, तरी सकाळच्या कोंडीत स्थानकापर्यंतचा प्रवास किती खाऊन टाकतो, हे आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे. रविवारी दुपारी जागा पाहून निर्णय घेणाऱ्यांना हा रस्ता मोकळा वाटतो आणि सोमवारी त्याचे खरे रूप कळते. कळवा खाडीपलीकडे असले, तरी ठाण्यापासून एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे. ठाण्यात शिकणाऱ्या आणि खर्चाची ओढाताण असणाऱ्या विद्यार्थ्याने ते अवश्य पाहावे.

नवी मुंबईत पत्ता सेक्टरने सांगितला जातो. सिडकोने वसवलेल्या सेक्टरांच्या मधोमध मूळची गावेही आहेत. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, जुईनगर या भागांतील गावठाणांत भाडे कमी असते, खानावळी व किराणा दुकाने पायाशी असतात आणि अनामत रक्कमही तुलनेने थोडी मागितली जाते. मात्र तेथील अनेक इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत आणि काहींना रीतसर परवानगी नाही. म्हणून जिन्याची रुंदी, वायरिंगची अवस्था आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे डोळसपणे पाहावे. खारघरमध्ये ‘स्थानकाजवळ’ या शब्दावर विश्वास ठेवू नये, कारण वरच्या क्रमांकांचे सेक्टर स्थानकापासून बरेच लांब आहेत. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागल्यामुळे तिच्या थांब्यांलगतच्या सेक्टरांची सोय वाढली आहे, तेव्हा खारघरमध्ये जागा शोधताना मेट्रोचा थांबा हाच खुणेचा दगड धरावा.

पाण्याची चौकशी भागाप्रमाणे करावी. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग पनवेल महापालिकेत येतात आणि त्यांचा पाणीपुरवठा वेगळा आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ येते, टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देते, हे घरमालकाला विचारण्याऐवजी इमारतीच्या रखवालदाराला किंवा शेजारच्या काकूंना विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

खोली पाहताना

खोली एकदा दिवसा आणि एकदा सायंकाळी सातच्या पुढे पाहावी. सायंकाळी गेल्यावर मोरीतला नळ पूर्ण सोडावा, बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि शौचालयाची टाकीही सोडून बघावी. कपाट भिंतीला टेकून ठेवलेले असल्यास ते वीतभर पुढे ओढून मागच्या भिंतीवर हात फिरवावा. रंग पिठासारखा हाताला लागला किंवा कुबट वास आला, तर जुलै-ऑगस्टमध्ये त्या भिंतीला ओल धरणार, गाद्यांना बुरशी लागणार आणि खोकला पाठ सोडणार नाही, हे ओळखावे. नव्याने दिलेला रंग ओल झाकतो, म्हणून खिडकीखालचा कोपरा आणि मोरीला लागून असलेली भिंत विशेष निरखून पाहावी. खिडकीला जाळी, दाराला आतून भक्कम कडी आणि अभ्यासाच्या जागी पुरेसा उजेड या गोष्टी पाहायला एक मिनिटही लागत नाही.

जागा न पाहता एक रुपयाही पाठवू नये. इंटरनेटवर सुंदर खोलीची छायाचित्रे टाकायची, आपण लष्करात किंवा परगावी नोकरीला असल्याचे सांगायचे आणि ‘टोकन’ म्हणून क्यूआर कोड पाठवायचा, ही फसवणुकीची रुळलेली पद्धत आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, पिन फक्त आपले पैसे जाताना लागतो, एवढे पक्के लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच, तर लाजेखातर गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

करार कागदावरच हवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि नोंदणी न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद, पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीअभावी वाद उद्भवला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे ठाऊक असलेला विद्यार्थी घरमालकाशी नम्रपणे आणि ठामपणे बोलू शकतो. आपल्याकडे प्रथा अकरा महिन्यांच्या कराराची आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कोण भरणार, हे आधीच ठरवावे. दलालाची दलाली साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, तीही किल्ली हातात आल्यावरच द्यावी. विद्यार्थ्याचे वय अठरा पूर्ण नसेल, तर करार पालकाच्या नावे करावा लागतो.

करारात भाडे आणि अनामत रक्कम असतेच. विसरली जाणारी कलमे वेगळी आहेत. वीजबिल मीटरप्रमाणे की ठोक, सोसायटीची देखभाल रक्कम भाड्यात धरली आहे का, मध्येच खोली सोडल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाच्या नावाखाली त्यातून काही कापणार का, ही पाच उत्तरे कागदावर यावीत. राहायला जाण्याच्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचे, भिंतींचे, पंख्याचे आणि तुटक्या फुटक्या सामानाचे छायाचित्र काढून ते घरमालकाला पाठवून ठेवावे. ‘काका, आज खोली ताब्यात घेतली, सोबत फोटो पाठवत आहे’ असा साधा संदेश पुरतो. त्याने कोणी दुखावत नाही आणि वर्षअखेरीस वाद होत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी आधारची प्रत देताना तिच्यावर ‘केवळ भाडेकरू पडताळणीसाठी’ असे लिहून तारीख घालावी.

पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना बहुधा असा करार मिळत नाही. अशा वेळी निदान पैसे भरल्याची पावती आणि नियमांचा लेखी कागद मागावा, आणि भाडे नेहमी बँकेतूनच द्यावे.

सोबती आणि सामायिक खर्च

चार विद्यार्थ्यांच्या घरात भांडण बहुधा मोठ्या रकमेवरून होत नाही. दूध कोणी आणले, सिलिंडर कोणाच्या पैशाने भरला, पाहुणा आठवडाभर राहिला त्याचे काय, यावरून मने कलुषित होतात. फ्रिजच्या मुठीला दोऱ्याने एक वही आणि पेन बांधून ठेवावे, आणलेल्या वस्तूची रक्कम व नाव त्याच क्षणी लिहावे आणि दर रविवारी रात्री दहा मिनिटे बसून हिशेब मिटवावा. मोबाइलवरचे हिशेबाचे ॲपही चालते, परंतु वही सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते म्हणून मला ती अधिक भरवशाची वाटते.

विजेबाबत एक गोष्ट समजून घ्यावी. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात, म्हणजे महिन्याला शंभर युनिटच्या पुढचे युनिट महाग पडते आणि तीनशेच्या पुढचे आणखी महाग. एसी किंवा गीझर बेफिकिरीने चालवल्यास बिल वापराच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने फुगते. एसी एकाच खोलीत असेल, तर त्या खोलीतल्यांचा वाटा किती हे पहिल्या महिन्यातच ठरवावे. पाणी तापवण्याची हीटर कॉइल वापरत असाल, तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. सकाळच्या घाईत हाच नियम मोडला जातो आणि तो जिवावर बेततो.

जेवण

डबा, मेस, पोळी-भाजी केंद्र आणि स्वतःचा स्वयंपाक असे चार मार्ग आहेत. त्यांतला एकच न धरता दोन एकत्र वापरावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पूर्णपणे डब्यावर राहिल्यास दोन महिन्यांत त्याच चवीचा कंटाळा येऊन बाहेर वडापाव-नूडल्सवर खर्च सुरू होतो, आणि सगळा स्वयंपाक स्वतः करू म्हटले, तर परीक्षेच्या दिवसांत तो निभत नाही. दुपारचा डबा लावावा आणि रात्री कुकरमध्ये डाळ-भात किंवा मुगाची खिचडी शिजवून शेजारच्या केंद्रातून दोन पोळ्या आणाव्यात. हे गणित बहुतेकांना झेपते.

डबा लावताना मावशींशी आधी मोकळेपणाने बोलावे. पोळ्या किती, भाजी रोज बदलते का, रविवारी संध्याकाळी डबा असतो का आणि सर्वांत महत्त्वाचे, खाडे कसे धरले जातात हे विचारावे. गावी गेल्यास किती दिवस आधी सांगितले म्हणजे पैसे वजा होतात, हे ठरले नाही, तर दिवाळीच्या महिन्यात न खाल्लेल्या जेवणाचेही पैसे भरावे लागतात. पहिल्या महिन्याचे पैसे एकदम भरण्याऐवजी आठवडाभराचे भरून चव आणि वेळ पाहावी.

चूल हवी असेल, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. तो अधिकृत वितरकाकडूनच घ्यावा आणि रस्त्यावर मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्यांच्या वाट्याला जाऊ नये. घरात शेंगदाणे, फुटाणे, गूळ, अंडी आणि केळी नेहमी असू द्यावीत, कारण अभ्यास करताना रात्री अकरा वाजता लागणारी भूक हीच खर्चाची आणि अपचनाची सुरुवात असते. पावसाळ्यात रवा, पोहे, डाळी पाव-अर्धा किलोच आणाव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, नाहीतर दमट हवेत त्यांत सोंडे-अळ्या होतात.

प्रवास

महाविद्यालयाकडून मिळणाऱ्या सवलतीच्या दाखल्यावर विद्यार्थ्याला लोकलचा मासिक किंवा त्रैमासिक पास निम्म्या दरात मिळतो. दाखल्यावरची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा तो मिळाला की लगेच खिडकीवर जावे. त्रैमासिक पास मासिकाच्या तुलनेत थोडा स्वस्त पडतो. पासबरोबर ओळखपत्र जवळ ठेवणे बंधनकारक आहे.

ठाण्याहून वाशी, नेरूळ आणि पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर सेवा ठाणे स्थानकाच्या ९ आणि १० क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते. तिच्या गाड्या मुख्य मार्गाइतक्या पाठोपाठ नसतात, म्हणून वेळापत्रक मोबाइलमध्ये असावे. रविवारी हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर अनेकदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात. त्या दिवशी परीक्षा असेल, तर शनिवारीच सूचना पाहून बसचा पर्याय काढून ठेवावा.

पावसाळा आणि प्रकृती

पाण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या घरांत पिंपे आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत आणि एरवी झाकण ठेवावे. कुलरचे भांडे, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि खिडकीतल्या कुंडीखालची बशी या जागा हमखास विसरल्या जातात.

ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावी, परंतु डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर रक्ततपासणी करावी. हिवतापाची तपासणी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत होते आणि मोठ्या उपचारांसाठी वाशीत महापालिकेचे सार्वजनिक रुग्णालय, तर कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण थकवा जाणवला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे, कारण डेंग्यूतली धोक्याची वेळ बहुधा ताप उतरतानाच येते. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पाय साबणाने धुवून एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना विचारावे आणि प्रतिबंधक औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे, घरच्यांचा दूरध्वनी, जवळच्या डॉक्टरांचा पत्ता आणि १०८ व ११२ हे क्रमांक असावेत. आजारी माणसाला स्वतःचे काही सांगता येत नाही, तेव्हा हा कागद सोबत्यांच्या कामी येतो.

पैसा आणि बँक

दोन खाती ठेवावीत. शुल्क, शिष्यवृत्ती आणि भाडे एका खात्यात असावे आणि ते खाते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडू नये. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी आठवड्याची ठरलेली रक्कम वळवावी. चहा, रिक्षा, झेरॉक्स असे वीस-तीस रुपयांचे व्यवहार मोबाइलवरून होताना जाणवत नाहीत, आठवड्याचे खाते गुरुवारी रिकामे झाले की मात्र ते जाणवतात. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून दूर राहावे. कोणी आपले बँक खाते किंवा एटीएम कार्ड काही दिवस वापरायला मागून त्याबदली पैसे देऊ केले, तर तो ओळखीचा असला तरी स्पष्ट नकार द्यावा, कारण फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो आणि पोलीस आधी खातेदारापर्यंत पोहोचतात.

एकटेपणा आणि मन

पहिले दोन महिने घरची आठवण येणे, वर्गात भाषा अंगवळणी न पडणे, रात्री झोप न लागणे हे जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. त्यात कमीपणा काही नाही. घरी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. आईला रोज ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगत राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी खरी अडचण सांगावी. खोलीतच अडकून राहू नये. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ऐरोलीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाच्या ग्रंथालयात जाऊन बसले, तर अभ्यास होतो आणि आपल्यासारखीच बाहेरून आलेली मुलेही भेटतात. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या शासकीय मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, बोलता येते. रॅगिंगचा त्रास होत असेल, तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा लागू आहे आणि तक्रार करणाऱ्याने बिचकण्याचे कारण नाही.

सोबत्याचे वागणे अचानक बदलले, तो जेवायचा बंद झाला किंवा वर्गाला जाईनासा झाला, तर त्याच्या घरी कळवावे की नाही, याचा फार काळ विचार करत बसू नये.

गणपती-दिवाळीला घरी जाताना

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते आणि कोकणच्या गाड्या गणपतीसाठी पहिल्याच काही मिनिटांत भरतात, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. कोकणकन्या, मांडवी या गाड्या ठाणे आणि पनवेल येथे थांबतात, त्यामुळे मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. एसटीसाठी ठाण्यात खोपट व वंदना आणि नवी मुंबईकरांना पनवेल ही स्थानके सोयीची आहेत, आणि मुलींना एसटीच्या प्रवासात निम्मे भाडे लागते. निघण्याच्या आधी मावशींना खाडे सांगावेत, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि पिंप उपडे करून ठेवावे. पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या दाखल्यांचे अर्ज याच सुट्टीत तालुक्याला द्यायचे असतील, तर लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधी गावी पोहोचावे, कारण त्यानंतर कार्यालये पाडवा-भाऊबीज होईपर्यंत बहुधा बंदच असतात.